मॅक्स थायलर : पीतज्वराच्या विषाणूला निवळवणारा संशोधक

आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत पीतज्वराच्या लशीचा दाखला दाखवावा लागतो, हे बोटीवर नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांच्या घरांत सर्वांना ठाऊक असते. त्या लशीचे जनक मॅक्स थायलर मात्र फारसे कोणाला परिचित नाहीत.

३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे त्यांचा जन्म झाला. वडील आर्नोल्ड थायलर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, नामवंत पशुवैद्यक होते. केपटाउन व लंडन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन मॅक्स १९२२ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. रुग्णसेवेपेक्षा त्यांना प्रयोगशाळेची ओढ अधिक होती.

पीतज्वर त्या काळी संशोधकांचेही प्राण घेत असे. १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून हा विषाणू मिळाला. मूळच्या भारतातील जातीच्या माकडांवर त्याचा अभ्यास झाला. असिबी बरा झाला. त्या शोधातील एड्रियन स्टोक्स मात्र त्याच वर्षी पीतज्वराने दगावले. १९२९ मध्ये थायलर यांनाही प्रयोगशाळेत लागण झाली. ते सुदैवाने बचावले.

महागड्या माकडांऐवजी साध्या पांढऱ्या उंदरांवर या विषाणूचा अभ्यास करता येतो, हे त्यांनी १९३० मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रतिष्ठानात आले. तेथे असिबीच्या रक्तातील विषाणू त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काचपात्रात वाढवला. प्रथम उंदराच्या भ्रूणाच्या पेशींत, मग कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत आणि शेवटी मेंदू व मज्जारज्जू काढून टाकलेल्या भ्रूणाच्या पेशींत. काही दिवसांनी त्यातील थोडा अंश नव्या पात्रात घालायचा, असा क्रम शेकडो वेळा चालला.

विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुका करतो. नव्या पेशींत जी चूक उपयोगी ठरते, तिचीच संतती वाढते. माणसाच्या यकृतावर मात करण्याचे सामर्थ्य तेथे लागत नाही. ८९व्या आणि ११४व्या पालटाच्या दरम्यान केव्हातरी हा विषाणू निवळला. रोग न करता प्रतिकारशक्ती देऊ लागला. तोच प्रयोग पुन्हा केला असता तसा बदल घडला नाही. योगायोगाने घडलेले ओळखणे आणि जपणे, हेच थायलर यांचे कर्तृत्व.

१९३७ मध्ये ‘१७डी’ ही लस जाहीर झाली आणि १९३९ अखेर एकट्या ब्राझीलमध्ये दहा लाखांहून अधिक लोकांना टोचली गेली. परंतु बदल तेथेच थांबला नव्हता. वाढवत नेलेल्या काही उपप्रकारांची प्रतिकारशक्ती देण्याची क्षमता घटली, तर १९४१ मध्ये एका उपप्रकाराने काहींना मेंदूज्वर झाला. तेव्हापासून मूळ बियाणे गोठवून ठेवावे आणि प्रत्येक लस त्यापासून मोजक्याच पालटांत तयार करावी, असा दंडक पडला. इतर लशींनीही तो पुढे स्वीकारला.

१९५१ मध्ये थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ११ ऑगस्ट १९७२ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९८७ मध्ये दोन्ही विषाणूंची जनुकीय अक्षरे ताडून पाहिली गेली. सुमारे १०,८६२ अक्षरांपैकी बदललेली होती केवळ ६८. तेवढ्याच फरकावर आजही ही लस उभी आहे.