५० पैकी ४७ नापास: सोइचिरो होंडा आणि न बिघडणाऱ्या बाइकची गोष्ट

मागच्या महिन्यात बाबांची शंभर सीसीची बाइक घेऊन मी पासिंगला गेलो होतो. १५ वर्षं झाली की आपल्याकडे दुचाकीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करावं लागतं, आणि त्यासाठी गाडी तपासणीत पास व्हावी लागते. आदल्या दिवशी मी ऑइल बदललं, एअर फिल्टर साफ केला, गाडी धुतली. एका किकमध्ये सुरू होणारी गाडी, हिला कोण नापास करणार? दहा मिनिटांत झाली. मागचा ब्रेक दाबला तर ब्रेक लाइट लागत नव्हता. हॅन्डल वळवताना मधेच अडकत होतं, म्हणजे कोनसेट गेलेला. ब्रेक लाइट कधीपासून बंद आहे, हे मला सांगता येईना. याच गाडीवरून आई-बाबा रात्री हायवेने आत्याकडून परत येतात.

घरी येताना डोक्यात एकच माणूस होता: सोइचिरो होंडा. तपासणीत नापास होण्याचा अनुभव त्यांच्याइतका मोठा क्वचितच कुणाचा असेल.

त्यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानमधल्या हामामात्सु शहराजवळच्या खेड्यातला. वडील लोहार, जोडीला सायकल दुरुस्तीचं काम. शाळेत सोइचिरोचं फारसं लक्ष नव्हतं. १५ व्या वर्षी तो टोकियोला आर्ट शोकाई नावाच्या गॅरेजमध्ये कामाला लागला आणि १९२८ मध्ये त्याच गॅरेजची शाखा हामामात्सुत काढून बसला. रेसिंगचाही नाद होता. १९३६ मध्ये शर्यतीत त्यांची गाडी उलटली.

पण खरी गोष्ट सुरू होते पिस्टन रिंगपासून. इंजिनातला पिस्टन वर-खाली होतो, त्याच्या खाचेत बसणारी ही पातळ लोखंडी कडी. जळलेला वायू खाली जाऊ द्यायचा नाही आणि खालचं ऑइल वर येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. ती झिजली की गाडी निळा धूर सोडते, ऑइल पिते आणि पीयूसीतही अडकू शकते. दुरुस्तीतून उत्पादनात शिरायचं म्हणून होंडांनी ही रिंग निवडली. वरवर सोपी दिसते ना? त्यांनाही तसंच वाटलं असावं. रिंगा नीट बनेचनात. शेवटी जाणकारांकडून कळलं, की त्यांच्या धातूत सिलिकॉन कमी पडतंय. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सिलिकॉन म्हटलं की चिप आठवते. इथे मात्र ओतीव लोखंडात ग्रॅफाइट तयार व्हायला सिलिकॉन लागतं.

धंदा सुरू असलेला, लग्न झालेला, तिशीतला हा माणूस मग हामामात्सुच्या तंत्रविद्यालयात पोरांबरोबर बाकावर जाऊन बसला. हवं तेवढं शिकला, परीक्षांना बसला नाही, त्यामुळे पदवीही मिळाली नाही. (मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, आणि पिस्टन रिंग म्हणजे काय ते पासिंगला नापास झाल्यावर वाचलं. असो.) मग त्यांनी टोयोटाकडे ५० निवडक रिंगा तपासणीला पाठवल्या. पास झाल्या फक्त ३.

हे ४७ आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. रिंग बनवणं जमलं होतं, पण प्रत्येक रिंग सारखीच बनवणं जमलं नव्हतं. होंडांनी पुढची वर्षं धातू, ओतकाम आणि यंत्रं सुधारण्यात घातली आणि टोयोटाला रिंगा पुरवायला लागले. नंतर युद्धात एक कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला, दुसरा जानेवारी १९४५ च्या भूकंपात कोसळला. उरलेली कंपनी त्यांनी टोयोटालाच विकली.

युद्धानंतर पेट्रोलची टंचाई, गाड्या-रेल्वे खचाखच. होंडांनी सैन्याच्या वायरलेस संचांसाठी बनलेली छोटी जनरेटर इंजिनं मिळवून सायकलींना बसवली. लोकांच्या उड्या पडल्या. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आले. पैसा आणि विक्री त्यांच्याकडे, इंजिन होंडांकडे.

सगळं सुरळीत होतं असं नाही हं. १९५४ मध्ये ड्रीम बाइकच्या २२० सीसीच्या मॉडेलबद्दल तक्रारींचा पाऊस पडला आणि कंपनी बुडायच्या बेतात आली. दोष निघाला कार्ब्युरेटरमध्ये. १९५९ मध्ये अमेरिकेत शिरल्यावर तर मोठ्या बाइक ऑइल गळायला लागल्या, क्लच जायला लागले. जपानी रस्त्यांवर त्या व्यवस्थित चालत. अमेरिकन लोक त्याच गाड्या जास्त वेगात, जास्त लांब पळवत. माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय, असं म्हणून बग बंद करणारे आमच्यात खूप आहेत. होंडांच्या लोकांनी बिघडलेल्या गाड्या विमानाने जपानला नेल्या आणि हेड गॅस्केट व क्लचच्या स्प्रिंगचं डिझाइन बदललं.

१९५८ ची सुपर कब ही माझ्या मते त्यांची सगळ्यात भारी गाडी. ५० सीसी, फोर-स्ट्रोक, आडवा सिलिंडर आणि हाताने दाबायचा क्लचच नाही, कारण एका हातात शेवयांचे डबे धरून ते पोचवणाऱ्या पोऱ्यालाही ती चालवता आली पाहिजे. २०१७ पर्यंत जगभरात १० कोटी सुपर कब बनल्या. १९६९ च्या सीबी७५० ने तेच मोठ्या बाइकमध्ये केलं: चार सिलिंडर, बटन स्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश बाइकचा क्रँककेस उभा दुभागलेला असे आणि जोडातून ऑइल झिरपे. होंडांनी तो आडवा दुभागला.

भारतात १९८४ मध्ये हिरोबरोबर भागीदारी झाली आणि तो आडव्या सिलिंडरचा फोर-स्ट्रोक आपल्या गावागावांत पोचला.

आता गंमत बघा. इंजिन इतकं भरवशाचं झालं, की बघायची सवयच गेली. जपानमध्ये २५० सीसीच्या वरच्या बाइकला नव्या गाडीसाठी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणी लागते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर दरवर्षी. तिथे बाइक नापास होण्याच्या कारणांत दिवे-इंडिकेटर सगळ्यात वर आहेत, आणि मग ब्रेक, स्टिअरिंग-सस्पेन्शन, टायर येतात. म्हणजे गाडी चालू असताना ज्यांच्याकडे आपण बघतच नाही, तेच भाग. सैल चेन, गुळगुळीत टायर, झिजलेले ब्रेक शू, वर आकाशाकडे बघणारा हेडलाइट, यांतलं काहीही झालं तरी इंजिन बिचारं एका किकमध्ये सुरू होतंच.

होंडा १९७३ मध्ये फुजिसावांबरोबरच निवृत्त झाले. मग देशभरच्या कारखान्यांत आणि दुकानांत फिरून लोकांचे आभार मानत राहिले. ५ ऑगस्ट १९९१ ला ते गेले. कंपनीने मोठी अंत्ययात्रा काढली नाही, कारण गाड्या बनवणाऱ्या माणसामुळे ट्रॅफिक जॅम व्हावा हे त्यांना नको होतं.

आमच्या गाडीचा ब्रेक लाइटचा स्विच आणि कोनसेट बदलून झाला. दुसऱ्या फेरीत पास. घरी आल्यावर बाबांनी पहिली चौकशी केली ती इंजिनाचीच.