टायमिंग जमवणारा केटरिंग

बटण दाबलं की गाडी सुरू, यात काय एवढं? पण १९१० च्या आसपास तुम्ही अमेरिकेत असता, तर गाडीसमोर उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागलं असतं. आणि त्याआधी स्टीअरिंगजवळची छोटी दांडी आठवणीने मागे घ्यावी लागली असती. विसरलात, की हँडल उलटं फिरणार आणि मनगट मोडणार!

त्या दांडीने ठिणगीचं टायमिंग बदलायचं. पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन पार वर पोचण्याच्या जरा आधीच ठिणगी पडायला हवी. इंजिन जोरात पळत असेल तर आणखी आधी. हाताने हळू फिरवताना मात्र उशिराच, नाहीतर पिस्टन उलटा ढकलला जातो.

हा ताप संपवला चार्ल्स केटरिंगने. जन्म १८७६, ओहायोतलं शेतकरी घर. डोळ्यांच्या त्रासाने कॉलेज सुटलं. मग पठ्ठ्या टेलिफोन लाइन टाकणाऱ्या टोळीत राबला, परत आला आणि १९०४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी इंजिनिअर झाला. (वायडी लागलेल्यांनी नोंद घ्यावी.)

डेटनमध्ये मित्र एडवर्ड डीड्सच्या कोठारात त्याने बॅटरी, कॉइल आणि पॉइंटवर चालणारं इग्निशन बनवलं. ते कॅडिलॅकने घेतलं. १९१२ च्या मॉडेलला तर त्याचा सेल्फ-स्टार्टरच बसला. आपल्या पेट्रोल पद्मिनीतही हीच पद्धत होती. टायमिंग लावायचं तर आधी इंजिन कुठलं ते ओळखायचं, कारण प्रत्येकाची डिग्री वेगळी. मग डिस्ट्रीब्यूटर सैल करून किंचित फिरवायचा.

पण गाड्या 'नॉक' करू लागल्या आणि खापर केटरिंगच्या इग्निशनवर फुटलं. तो इरेला पेटला. दोष इंधनात आहे हे त्याच्या टीमने शोधलं आणि १९२१ मध्ये थॉमस मिजलीला उपाय सापडला: पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. अल्कोहोलनेही नॉक कमी होतो हे त्यांना ठाऊक होतं, तरी निवडलं शिसंच. इथे हा माणूस मला खटकतो. १९२४ मध्ये न्यू जर्सीत हे रसायन बनवणारे पाच कामगार दगावले, तेव्हा ते विकणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष केटरिंगच होता. विक्री काही काळ थांबली, पुन्हा सुरू झाली.

१९५८ मध्ये तो गेला. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि सगळ्यात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.