पेन्शनीत लेखणी धरणारे हवालदार : गोपाळबाबा वलंगकर



भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. दरवर्षी २० मार्चला आपली भोर-वेल्ह्याची माणसं या वाटेनं चवदार तळ्यावर जातात. याच महाडजवळ रावढळ गावी १८४० च्या सुमारास गोपाळबाबा वलंगकरांचा जन्म झाला. बाबासाहेबांच्या कितीतरी आधी त्यांनी आपल्यासाठी लेखणी उचलली, म्हणून त्यांची ही आठवण.

गोपाळबाबा इंग्रजांच्या पलटणीत होते. तिथं आपल्या माणसाला बंदुकीबरोबर अक्षर ओळखही व्हायची. १८८६ साली ते हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि दापोलीला राहिले. आता ही पेन्शन म्हणजे नुसता पैसा नव्हे. गावात आपला महार बलुत्यावर जगायचा. तोंड उघडलं की भाकर बंद! गोपाळबाबांची भाकर गावाच्या हातात नव्हती. असे पेन्शनर तेव्हा दापोलीत पुष्कळ होते. पण गोपाळबाबा घरी स्वस्थ बसले नाहीत.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारानं ते भारले होते. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. विटाळ आला कुठून, त्याला आधार काय, असे २६ प्रश्न त्यांनी उच्चवर्णीयांपुढे टाकले. 'दीनबंधु', 'सुधारक' या पत्रांतून लिहिलं. 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' स्थापन केली.

त्याच सुमारास सरकारनं काही जातीच तेवढ्या लढवय्या ठरवून महारांची सैन्यभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्यांच्या पोरांना पलटणीचं दार लागलं. पगार गेला, पलटणीतली शाळा गेली, पुढची पेन्शनही गेली. तेव्हा १८९४ साली गोपाळबाबांनी मंडळीतर्फे भरतीसाठी अर्ज तयार केला. स्वतःची नोकरी होऊन गेली होती, हा खटाटोप मागच्यांसाठी होता.

१८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तर शेजारी बसायला उच्चवर्णीय सभासदांनी विरोध केला. १९०० मध्ये बाबा गेले. भरती उघडलेली त्यांना बघायला मिळाली नाही. ती पहिल्या महायुद्धात उघडली, पुन्हा बंद पडली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे.

१९२७ साली महाडात बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला. त्या मातीत प्रश्न विचारायची सवय एका म्हाताऱ्या हवालदारानं आधीच पेरून ठेवली होती. आपल्यातही आज पेन्शनर आहेत. फौजेतले आहेत, गिरणीतले आहेत. हाताशी वेळ आहे, चार अक्षरं येतात. पुढच्या पोरांसाठी एक अर्ज तरी आपल्या हातून लिहिला जावा.

जयभीम!