पेटीचे मानकरी : कै. गोविंदराव टेंबे

दिवाळी सरून गावोगाव मंडई भरली की आपल्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके रंगतात. ऑर्गनचे सूर कानी आले की मांडीवर निजलेले मूलही उठून बसते. या सुरांची गोडी मराठी नाटकाला ज्यांनी लावली, त्यांत कै. गोविंद सदाशिव टेंबे यांचे नाव मोठे आहे. भगिनींना त्यांची थोडी ओळख असावी.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ चा. ते वाढले कोल्हापुरात. देवल क्लबातल्या बैठकांनी त्यांचा कान तयार केला, आणि पेटी ते बहुतांशी आपली आपणच शिकले.

पेटी मूळची परदेशी. १८४२ साली पॅरिसमध्ये तिचे पेटंट निघाले. तिच्या पट्ट्यांचे सूर ठरलेले, त्यामुळे गळ्यातून सहज निघणारी मींड तिच्यात उतरत नाही. म्हणून जाणकार तिला नाक मुरडीत. गोविंदराव भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत. बुवांच्या गळ्यातले पेटीतून काढायचे, हाच त्यांचा ध्यास. पुढे नुसती त्यांची पेटी ऐकायला मैफली भरू लागल्या. साथीच्या वाद्याला हा मान मिळणे नवलाचेच. अल्लादियाखाँसाहेबांना ते गुरुस्थानी मानीत.

चाली सुचतात तरी कोठून, असे आपल्याला नेहमी वाटते. गोविंदरावांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे : ऐकण्यातून. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांत साकी, दिंडी, कीर्तनी वळणाच्या चाली होत्या. गोविंदरावांच्या कानात मात्र पूरबकडची ठुमरी, दादरा, कजरी घोळत होती. खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाला त्यांनी हाच साज चढविला. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली होती. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. आयांनो, त्या घरात काय झाले असेल हे लिहिणे माझ्याच्याने होत नाही.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. दोन वर्षांत गोविंदराव बाहेर पडले व त्यांनी शिवराज नाटक मंडळी उभी केली. तीही पुढे बंद पडली. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात ते हरिश्चंद्र झाले, दुर्गाबाई खोटे तारामती, संगीतही त्यांचेच.

मग १९४० साली आकाशवाणीने पेटी हिंदी संगीताला मारक ठरवून तिच्यावर बंदी घातली. ज्यांचे सारे आयुष्य त्या पट्ट्यांवर गेले, त्यांना साठीच्या उंबरठ्यावर हे पाहावे लागले. गोविंदरावांची लेखणी चालूच होती. 'माझा संगीत व्यासंग' १९३९ चे, खाँसाहेबांचे चरित्र त्यानंतरचे. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी ते निवर्तले, तेव्हाही पेटीवरची बंदी उठलेली नव्हती.