विल्यम वानलेस

सर विल्यम जेम्स वानलेस (१ मे १८६५ – ३ मार्च १९३३) हे कॅनडात जन्मलेले शल्यविशारद, वैद्यकीय मिशनरी आणि मिरज येथील वानलेस रुग्णालयाचे संस्थापक होते. दक्षिण महाराष्ट्रात शस्त्रक्रियेची सोय उपलब्ध करून देण्याबरोबरच स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देण्याचे कार्य त्यांनी जवळजवळ चार दशके केले.

जन्म व शिक्षण

वानलेस यांचा जन्म कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. आरंभी त्यांनी सांगली येथे दवाखाना चालवला व पुढे ते मिरजेस गेले.

मिरजेतील रुग्णालय

मिरज हे त्या काळी पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग तेथून जात असे. १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही त्यास जोडला गेला. त्यामुळे दूरदूरच्या गावांतील रुग्णांना तेथे पोहोचणे सुलभ झाले. संस्थानाधिपतींनी दिलेली जमीन आणि फिलाडेल्फिया येथील दानशूर गृहस्थ जॉन कॉन्व्हर्स यांची देणगी यांच्या आधारे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. मोतीबिंदूच्या व पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी त्याची ख्याती पसरली.

वैद्यकीय शिक्षण

रुग्णांची संख्या वाढत गेली, तशी एक अडचण ठळक झाली. एकट्या शल्यविशारदाच्या हातून होणाऱ्या कामाला मर्यादा होती आणि तो आजारी पडला अथवा रजेवर गेला, की सारे काम खोळंबण्याचा धोका होता. मुंबईत १८४५ पासून ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय होते, तर पुण्यात बै. जी. वैद्यकीय शाळा होती. मात्र तेथून बाहेर पडणारे डॉक्टर खेड्यांच्या वाट्याला क्वचितच येत. या परिस्थितीत १८९७ मध्ये वानलेस यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा सुरू केली.

या शाळेचे वैशिष्ट्य म्हणजे ती चालत्या रुग्णालयाला जोडलेली होती. शस्त्रक्रियेचे कौशल्य केवळ पुस्तकातून येत नाही. आधी जाणत्याचे काम पाहावे, मग त्याला साहाय्य करावे आणि शेवटी त्याच्या देखरेखीखाली स्वतः करावे, हाच ते हस्तगत करण्याचा मार्ग होय. त्यासाठी लागणारे रुग्ण व अनुभवी शिक्षक मिरजेत एकाच आवारात उपलब्ध होते. येथून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांनी निरनिराळ्या मिशनच्या दवाखान्यांत सेवा केली. परिचारिकांच्या प्रशिक्षणाचीही मिरजेत व्यवस्था झाली.

ही शाळा मिशनची असल्याने धर्मप्रसार हा तिच्या उद्दिष्टांचा एक भाग होता. रुग्णसेवेचा लाभ मात्र सर्व जातिधर्मांच्या लोकांनी घेतला.

अन्य कार्य व सन्मान

सांगली व मिरज यांच्या दरम्यान वानलेस यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. तो परिसर आज वानलेसवाडी या नावाने ओळखला जातो. ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले आणि १९२८ मध्ये सर हा किताब बहाल केला. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले. कॅलिफोर्नियातील ग्लेन्डेल येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

वानलेस यांच्या पश्चात डॉ. चार्ल्स व्हेल यांनी रुग्णालयाची धुरा सांभाळली. संस्थापक गेल्यावरही शस्त्रक्रिया थांबल्या नाहीत, यातच त्यांच्या शिक्षणकार्याचे यश दिसते. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक शिक्षणासाठी वानलेस रुग्णालयाचाच आधार मिळाला. दुर्बिणीद्वारे केल्या जाणाऱ्या तपासण्या व शस्त्रक्रियांपर्यंत वैद्यकशास्त्र आज पोहोचले असले, तरी अनुभवी डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून शिकण्याची पद्धत टिकून आहे. वैद्यकीय नगरी म्हणून मिरजेने मिळवलेल्या लौकिकाचा पाया वानलेस यांच्या कार्यात आढळतो.