नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. प्राथमिक शिक्षण कल्याण येथे आणि संस्कृतचे अध्ययन नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे झाले.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका पाश्चात्त्य सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयापायी पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू यांच्याशी काही वर्षे त्यांची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. त्या काळाचे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त केलेले वर्णन मुळातूनच वाचावे असे आहे.

तत्कालीन मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा होता. अशा गीतांत मराठी मन रमणार कसे? टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांना चर्चमध्ये स्थान मिळवून दिले. तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.

१९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा व तिचे वेतन सोडले आणि योगक्षेमाचा भार ईश्वरावर टाकून 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे प्रवेश होता, हे त्या काळी धाडसच म्हणावे लागेल. दोनच वर्षांत मुंबईत त्यांचे निधन झाले. अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.