शिऊरच्या बहिणाबाई : दुःख देवापुढं मांडणारी माऊली

पंढरीच्या वाटेनं संतकृपेच्या इमारतीचा अभंग आपण रोज म्हणतो. पायाला ज्ञानोबा, कळसाला तुकोबा. शेवटी बहिणीचं नाव येतं अन् आपण पुढच्या अभंगाला लागतो. ही बहिणी कोण, हे आमच्या दिंडीतल्या कित्येकांना ठाऊक नाही. काही जणींना त्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वाटतात. त्या वेगळ्या, अन् पुष्कळ अलीकडच्या. म्हणून दिंडीच्या शताब्दीच्या या स्मरणिकेत आम्ही शिऊरच्या बहिणाबाईंचं चरित्र घेतलं आहे.

बहिणाबाईंचा जन्म १६२८ सालचा, वेरूळकडच्या देवगावचा. वडील आऊजी कुळकर्णी, आई जानकी. लग्न झालं तेव्हा लेक तीन वर्षांची, अन् नवरा तीस वर्षांचा बिजवर, शिऊरचा. त्या नऊ वर्षांच्या असताना भाऊबंदकीपायी गाव सुटलं. आईबाप, जावई, लेकरं, सगळेच भिक्षा मागत निघाले. पंढरपूर झालं, शिखर शिंगणापूर झालं, रहिमतपूरला काही दिवस गेले, शेवटी कोल्हापुरात बिऱ्हाड झालं.

तिथं नवऱ्याला दानात एक गाय मिळाली. तिला वासरू झालं, अन् त्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की त्या जातील तिथं ते मागं. कीर्तनाला गेल्या तर तिथंही. एकदा जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली, लोकांनी वासराला बाहेर काढलं. ते हंबरू लागलं. स्वामींनी त्याला आत आणवलं, त्याच्या अन् त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढीच गोष्ट. पण ती नवऱ्याच्या कानावर गेली. त्यानं मुलीला केस धरून ओढलं, मारलं, बांधून ठेवलं. पुढं वासरूही गेलं, अन् बहिणाबाई बेशुद्ध पडल्या.

कीर्तनात आपण वासराची गोष्ट सांगतो अन् माराची गाळतो. ऐकायला बरी वाटत नाही म्हणून. पण बाप्पा, बहिणाबाईंनी ती स्वतः गाळली नाही, मग आपण काहून गाळावी?

हेच त्यांच्या चरित्राचं वेगळेपण आहे. आपल्या बहुतेक संतांची चरित्रं दुसऱ्यांनी लिहिली, बहुतेक महिपतीबाबांनी. बहिणाबाईंचं चरित्र त्यांच्या स्वतःच्या अभंगांतून आलं. माहेर, लग्न, भटकंती, मार, वासरू, सगळं त्यात आहे. त्यानंतर तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश दिला, तर कार्तिक वद्य पंचमी अन् वार रविवार, असं घरातल्या वहीत टिपावं तसं त्यांनी सांगून ठेवलं. ब्राह्मणाच्या बाईनं शूद्र गुरू केला म्हणून नवरा आणखी चिडला, बायको गरोदर असताना घर सोडून जायला निघाला, हेही आहे. बाईच्या जन्माला वेदाचा अधिकार नाही याची चीड आहे. जीव नकोसा झाल्याची कबुलीसुद्धा आहे. अन् त्याच बाईनं पतिव्रतेचा धर्मही सांगितला. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी. आम्हाला वाटतं, त्यांना स्वतःलाच ते उलगडायचं होतं, म्हणून एकही बाजू त्यांनी झाकली नाही.

पुढं नवरा आजारी पडला. बहिणाबाईंनी त्याची सेवा केली. तुकोबांची निंदा केली म्हणून हे दुखणं आलं, असं त्याच्या मनानं घेतलं, तो वळला, अन् सगळं घर देहूला गेलं. तिथं मंबाजींनी छळलं. यांची गाय कोंडून मारली, त्याचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, ही कथा तर सगळ्यांनी ऐकलेली आहे. देहूत काशीबाई नावाची लेक झाली, नंतर विठोबा हा मुलगा. तुकोबा १६५० साली वैकुंठाला गेले. त्यानंतर बहिणाबाई पन्नास वर्षं जगल्या.

आमच्या वरूडकडं संत्र्याचा बहर गळला, डोक्यावर कर्ज झालं, घरातलं माणूस गेलं की उरलेलं माणूस मुकं होते. बाया चुलीपुढं रडून घेतात, गडीमाणसाला तेही जमत नाही. आमच्या दिंडीत एक माय होती. लेक गेल्यावर तिनं शंभर पानी वही आणली अन् रोज रात्री पांडुरंगाला लिहू लागली. आधी नुसतं भांडण होतं. काही महिन्यांनी लेकाच्या लहानपणच्या गोष्टी येऊ लागल्या. वही भरली तेव्हा ती पुन्हा वारीला आली. बहिणाबाईंचं नाव तिनं तोवर ऐकलंही नव्हतं.

बहिणाबाईंचा शेवट १७०० सालचा. अंतकाळी त्यांनी विठोबाला जवळ बसवलं अन् आपले मागचे बारा जन्म एकेक करून सांगितले. हा तेरावा. कोणत्या जन्मी कुठं होतो, काय राहून गेलं, असं सगळं. मागच्या जन्मांतही तो आपल्या सोबत होता, हेही त्याला सांगितलं. मुलगा विचारत गेला, आई सांगत गेली.

शिऊर वैजापूर तालुक्यात आहे, समाधी तिथंच. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तिथंही जाऊन यावं.